पस्तीस हजार फेरे

दिवाळी अंकासाठी लेख मागणारे संपादकांचे पत्र आले, की आमच्या घरात एक ठरलेला संवाद होतो. ‘‘यंदा कशावर?’’ असे सौ. विचारते. मी विषय सांगतो. ती ‘‘बरं’’ म्हणते आणि चकलीचा सोऱ्या पुसायला घेते. यंदा मी ‘‘बंदुकीच्या दुरुस्तीवर’’ म्हणालो तेव्हा सोऱ्या खाली ठेवला गेला.

‘‘तुम्ही? लवंगीची माळ लावायला तुम्हांला खालच्या मजल्यावरच्या पोराला हाक मारावी लागते!’’

तिचे म्हणणे खोटे नाही. मी आयुष्यात एकदाच बंदूक उडवली, कॉलेजात एन. सी. सी. मध्ये असताना. तिचा दस्ता खांद्याला असा बसला, की पुढे आठ दिवस शर्टाच्या बाहीत हात घालताना मला राष्ट्रसंरक्षणाची आठवण होई. पण वाचकहो, हा लेख खरे तर बंदुकीचाही नाही. घरी बसून जुन्या बंदुकीची डागडुजी करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाताचा, आणि त्या हातात आलेल्या विजेवरच्या एका वीतभर यंत्राचा तो आहे. आपल्या मराठीत सुताराची पटाशी हेही हत्यार आणि शिपायाची तलवार हेही हत्यारच. खंडेनवमीला दोघींना एकाच पाटावर एकच झेंडूचे फूल मिळते. एक शब्द दोन कामांना राबवणे हा आपल्या भाषेचा आळस आहे, असे मी वर्गात पुष्कळदा बोललो आहे. त्या म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये पंधरा दिवस बसल्यावर मी ते बोलणे सोडले.

हे गॅरेज अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठच्या रसीन गावी आहे. 2024 च्या उन्हाळी सुटीत मी धाकट्या बहिणीकडे तिथे महिनाभर राहिलो. शिकागो आणि मिलवॉकी या दोन मोठ्या शहरांच्या दरम्यान हे लहानसे गाव आहे. तिथे जाईपर्यंत मी त्याचे नाव ऐकले नव्हते. आणि तरी त्या गावातली एक वस्तू आमच्या घरी लहानपणापासून होती, हे तिथे गेल्यावर कळले. तापातून उठलेल्या मुलाला आई कपात घालून जे हॉर्लिक्स देत असे, त्याची कंपनी या रसीन गावात वाढली. विल्यम आणि जेम्स हॉर्लिक या दोघा भावांनी ती 1873 मध्ये काढली. सरोवर म्हणजे समुद्रच, फक्त खारट नव्हे. आणि वारा असा, की मे महिन्यात मी मफलर गुंडाळून फिरत होतो.

या गावाचा दुसरा उद्योग म्हणजे लहान मोटारी. रस्त्यावर धावतात त्या नव्हेत. मिक्सरात, शिवणयंत्रात बसतात त्या. मोठी मोटार तशी जुनीच होती. लहान, हातात मावेल एवढी हलकी आणि तरीही भन्नाट वेगाने फिरणारी मोटार करणे हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे कोडे होते, आणि ते सोडवणाऱ्यांपैकी काही कारागीर या रसीनमध्ये होते. हॅमिल्टन आणि बीच या दोघांच्या नावाचा कारखाना 1910 मध्ये तिथे निघाला आणि त्यात तसल्या मोटारीवर घरगुती यंत्रे झाली. पुढे ऑस्ट्रियातून आलेल्या आल्बर्ट ड्रेमेल नावाच्या कल्पक गृहस्थाने 1932 मध्ये त्याच गावी आपली कंपनी स्थापली आणि काही वर्षांत एक नवीच चीज बाजारात आणली. जाड मेणबत्तीएवढी मोटार, तिच्या टोकाला एक बारीक चिमटी, आणि त्या चिमटीत बसवायची नाना तऱ्हेची टोके: घासायचे, कापायचे, कोरायचे, चकाकवायचे. लेखणीसारखे हातात धरा आणि लोखंडावर लिहा. ती कंपनी 1993 मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने घेतली. नाव मात्र राहिले. आपल्याकडे जसे कोणतेही वनस्पती तूप एके काळी ‘डालडा’ झाले, तसे तिकडे असले कोणतेही फिरते यंत्र म्हणजे ‘ड्रेमेल’.

याचा वेग ऐकला की आकडा कानावरून निघून जातो, म्हणून जरा सावकाश सांगतो. आपल्या छतावरचा पंखा मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे घेतो. चटणीचा मिक्सर अठरा-वीस हजार घेतो, आणि तेवढ्यानेच घरातले बोलणे बंद पडते. हे वीतभर यंत्र पुरे सोडले तर मिनिटाला 35,000 फेरे घेते. म्हणजे सेकंदाला सुमारे 583. टोकाला अर्धा इंच व्यासाची, पॉलिश पेपर गुंडाळलेली फिरकी बसवलीत, तर तिचा काठ त्या वेगाने ताशी चौऱ्याऐंशी किलोमीटर धावतो. आणि तोही एकाच जागी उभा राहून. हातात मात्र काहीच जाणवत नाही. जोर लावावा लागत नाही, हिसका बसत नाही, नुसती एक गुणगुण. कानस चालवणाऱ्याचा खांदा भरून येतो आणि त्याला थांबायला सांगतो. इथे खांद्याला पत्ताच नसतो. सारी मेख इथे आहे.

आता त्या देशाच्या एका चालीविषयी. विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारापासून, नऊ दिवस बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा हंगाम असतो. हा त्यांचा एक सणच. आजोबा, बाप, मुलगी, नात अशी माणसे पहाटे रानात जाऊन थंडीत कुडकुडत बसतात. घरोघरी एखादी जुनी रायफल असते, आणि तिची साफसफाई, दुरुस्ती, लाकडाला तेलपाणी ही कामे हौसेने घरीच करणारेही पुष्कळ असतात. पैसे घेऊन दुसऱ्याची बंदूक दुरुस्त करायची तर 1968 च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवाना लागतो. आपली आपण करायला तो लागत नाही. फक्त बंदुकीवर ठोकलेल्या क्रमांकाला हात लावायचा नाही. तो घासून काढणे हा गुन्हा आहे, मग बंदूक तुमची का असेना.

आपल्याकडे याच्या उलट आहे. 1959 चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. त्याप्रमाणे बंदूक बाळगायला तर परवाना लागतोच, पण ती दुरुस्त करण्याच्या धंद्यालाही वेगळा परवाना लागतो. तेव्हा कोकणात किंवा घाटावर कुणाच्या माजघरात पणजोबांची परवान्याची ठासणी टांगलेली असेल, तर त्यांनी पुढचे वाचून एखादे यंत्र विकत आणू नये. परवानाधारक कारागिराकडे जावे. हे मी संपादकांच्या समाधानासाठी लिहीत नाही. म्हाताऱ्याची हकिगत ऐकल्यावर तुम्हीही हेच म्हणाल.

बहिणीच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ एक्याऐंशी वर्षांचे. ट्रॅक्टरच्या कारखान्यात चाळीस वर्षे यंत्रावर काम करून निवृत्त झालेले. बहिणीने आपल्या मुलीला त्यांना ‘आजोबा’ म्हणायला शिकवले आहे आणि त्यांनाही आता ते आपलेच नाव वाटते. मी मराठीचा प्राध्यापक आहे, हे कळल्यावर त्यांनी दोन प्रश्न विचारले. ही भाषा किती लोक बोलतात? मी आठ कोटींच्या वर सांगितले. तेव्हा विस्कॉन्सिनची वस्ती साठ लाखांच्या आत आहे म्हणून ते थोडे खजील झाले. दुसरा प्रश्न, मला हाताने काय करता येते? आता खजील होण्याची पाळी माझी होती.

त्यांच्या गॅरेजमध्ये मोटारगाडी नव्हती. एका भिंतीला लांब जाड टेबल, त्यावर लोखंडी व्हाइस. तिच्या दोन्ही जबड्यांना चामड्याचे तुकडे चिकटवलेले, म्हणजे धरलेल्या वस्तूला वण पडू नये. वर कानशी उतरंडीने टांगलेल्या. लाकडी खोक्यांत दगड: धार लावायचे, घासायचे, चौकोनी, त्रिकोणी, काडीएवढे. पेचकस तीस-चाळीस. इतके कशाला, असे मी विचारले. प्रत्येक पेचाच्या खाचेला नेमका बसेल असा एक, असे उत्तर मिळाले. ढिला पेचकस निसटतो, खाचेचा काठ उखडतो, आणि मग ती बंदूक कुणा अडाण्याच्या हातातून गेली आहे हे दहा हातांवरून दिसते. आणि त्या सगळ्या पसाऱ्याच्या शेवटी, टेबलाच्या उजव्या कोपऱ्यातल्या कुलपाच्या खणात, ते गावचेच यंत्र.

‘‘हे कुलपात का?’’

‘‘ते उघडं असलं की हात आधी त्याच्याकडे जातो, प्रोफेसर.’’

बंदूक टेबलावर आली की पहिले काम ती रिकामी आहे हे पाहणे. डोळ्यांनी पाहायचे, मग करंगळी घालून चाचपायचे. दुसऱ्याने पाहिले असले तरी आपण पाहायचे, आणि स्वतः पाच मिनिटांपूर्वी पाहिले असले तरी पुन्हा पाहायचे. काडतुसे त्या खोलीत ठेवायचीच नाहीत; ती घरात, वेगळ्या कपाटात. मग चष्मा. नाकाला फडके किंवा जाळी. कारण जुन्या बंदुकीच्या मळात शिसे असते आणि यंत्र त्याची धूळ करून हवेत उडवते. बाह्या कोपरापर्यंत वर, गळ्यात टाय-मफलर काही नाही. मफलर मला खुंटीला टांगावा लागला. यंत्राचे टोक बदलायचे तर आधी वायर भिंतीतून काढायची. तेल-रॉकेलाने पुसलेला भाग पुरा वाळल्याशिवाय यंत्र सुरू करायचे नाही, कारण आतल्या मोटारीत बारीक ठिणग्या सारख्या उडत असतात. कापायची चकती कागदासारखी पातळ आणि ठिसूळ. ती तिरकी झाली की तुकडे होऊन उडते, म्हणून तिच्या फिरण्याच्या रेषेत आपले तोंड ठेवायचे नाही. तारेच्या ब्रशाला 15,000 फेऱ्यांच्या वर न्यायचे नाही, नाहीतर त्याच्या तारा सुटून सुयांसारख्या अंगात घुसतात. हे सारे ते मला शिकवत नव्हते. स्वतःशी पुटपुटत करत होते, जसे आमचे आजोबा संध्या करताना आचमनापासून एकेक पायरी पुटपुटत.

यंत्राने ते करत काय होते, हे पाहायला मी टपून बसलो होतो. पंधरा दिवसांत त्यांनी ते तीन वेळा बाहेर काढले. एकदा एका गंजून बसलेल्या पेचाचे डोके कापायला. तो पेच तसाही फेकायचाच होता. एकदा दस्त्याच्या लाकडात आतल्या बाजूला थोडी जागा मोकळी करायला. आणि एकदा स्वतःच्याच एका पेचकसाचे टोक बारीक करायला. म्हणजे बंदुकीच्या लोखंडाला त्याचा स्पर्श झाला तो त्या टाकाऊ पेचापुरता. बाकी सारे कानस, दगड, तेल आणि फडके यांवर.

‘‘मग हे घेतलं कशाला?’’ मी विचारले. त्यावर त्यांनी मला लोखंड म्हणजे काय ते सांगितले. मला समजले तेवढे लिहितो.

बंदुकीच्या आतले जे बारीक भाग एकमेकांवर अडकतात, चाप ओढला की एकमेकांवरून सुटतात, ते पुष्कळदा वरून कडक आणि आतून मऊ असतात. आतून मऊ अशासाठी, की ठोक्याने तुटू नयेत. वरून कडक अशासाठी, की घासून झिजू नयेत. ही वरची कडक साय एका इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. माणसाचा केस साधारण तीन हजारांश जाड. अशा मोजक्या केसांइतकीच ती साय. कानशीला ती साय लागली की कानस वरून घसरते, ‘मी इथे चालत नाही’ म्हणून हाताला सांगते. फिरते यंत्र काही सांगत नाही. एका श्वासात ते साय खरवडून आत मऊ लोखंडात उतरते, आणि वर चकाकी अशी ठेवते, की करणाऱ्याला वाटावे, काय सुंदर काम झाले! चार दिवस ते सुंदर चालतेही. मग मऊ भाग झिजू लागतो.

शिवाय उष्णता. एकाच जागी टोक क्षणभर रेंगाळले की तिथले लोखंड तापते. घासून चकचकीत झालेले पोलाद तापले की आधी गवतासारखे पिवळे, मग तपकिरी, जांभळे, आणि तीनशे अंशांच्या सुमाराला निळे होते. तो निळा रंग दिसायला मोरपिसासारखा. पण एखाद्या बारीक कडक भागावर तो उमटला, की त्याचे पाणी उतरले म्हणून समजावे. आपले लोहार विळ्याला ‘पाणी देतात’. हे त्याच्या उलट. ‘पाणी उतरले’ हा वाक्प्रचार मला त्यांना इंग्रजीत सांगता आला नाही, पण हातवाऱ्यांनी कळला, आणि त्यांना तो फार आवडला.

म्हणून त्यांच्या लेखी काही जागा या यंत्राला कायमच्या बंद. चाप आणि घोडा जिथे एकमेकांना धरतात त्या खाचा. काडतूस बसते ती पोकळी. नळीचे तोंड, कारण तिथे काठावर एका बाजूला नखाएवढा ओरखडा पडला, तर गोळीमागून येणारा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी वाकडी जाते. आणि जिथे जिथे काही अक्षर लिहिले आहे ती जागा.

शेवटची बंदी मला समजली नाही. क्रमांकाचे ठीक, तो कायदा आहे. पण इतर अक्षरे? ते काही बोलले नाहीत. मी मात्र बोललो. मनात पुष्कळ दिवस टोचत होते, आणि परक्या देशात परक्या माणसापुढे कबुली देणे सोपे जाते.

चारेक वर्षांपूर्वी मी पुण्याला बुधवारातल्या तपकीर गल्लीतून असेच एक फिरते यंत्र आणले होते. कुठे तरी वाचले होते, की बुद्धिजीवी माणसाने हाताचा छंद धरावा. पहिला रविवार मी घरातली पितळी भांडी चकाकवण्यात घालवला. त्यांत माझ्या आजीचा गडू होता. तिच्या लग्नात माहेरून आलेला. त्याच्या गळ्याखाली छिन्नीने ठोक्याठोक्याने घातलेले तिचे माहेरचे नाव, गाव आणि शक. गडू काळा पडला होता, हिरवे डाग होते. मी तो असा उजळला, की त्यात माझे तोंड दिसू लागले. आई देवळातून आली. तिने तो हातात घेतला, फिरवला, खिडकीशी नेऊन पुन्हा फिरवला. तिने डोळ्यांना चष्मा लावला. मग म्हणाली, ‘‘अरे, नाव कुठं गेलं?’’

नावाच्या जागी एक गुळगुळीत उतार होता. बोट फिरवले तर कुठे कुठे एखादा ठिपका लागे. ज्या माणसाने शिलालेखांच्या वाचनावर विद्यार्थ्यांची टिपणे तपासली, त्याने आपल्या घरातला एकुलता एक लेख दहा मिनिटांत पुसून टाकला होता. आई रागावली नाही. तिने गडू फडताळात मागे ठेवून दिला. आणि यंत्र मी.

हे ऐकून म्हातारबुवा उठले. भिंतीतल्या पोलादी कपाटातून त्यांनी एक रायफल आणली, रिकामी आहे हे स्वतः पाहिले, मला पाहायला लावले, आणि टेबलावर ठेवली. विंचेस्टर, 1894 च्या नमुन्याची. जॉन ब्राउनिंग या नामांकित कारागिराने तो नमुना आखला. खाली एक कडी असते. ती खाली-वर केली की झाडलेले काडतूस बाहेर पडून नवे आत जाते आणि घोडा मागे ताणलेला राहतो. ही त्यांच्या वडिलांची.

‘‘नळीवर वाचा.’’

मी वाचू लागलो. कंपनीचे नाव अर्धे होते. न्यू हेवन या गावाचे पहिले अक्षर आणि मग धुके. त्यापुढे पेटंटची तारीख असते, 21 ऑगस्ट 1894. तिच्यातला ‘18’ तेवढा राहिला होता. काठ जिथे धारदार हवेत तिथे साबणाच्या वडीसारखे गोल झाले होते.

1962 साली ते एकोणीस वर्षांचे होते. नवी नोकरी, पहिल्या पगारातून घेतलेले हे यंत्र. तेच, जे कुलपात होते. वडील आठवडाभर परगावी गेले असताना त्यांना आश्चर्याचा धक्का द्यावा, म्हणून त्यांनी रायफलीवरचे गंजाचे ठिपके काढायला घेतले. ठिपके गेले, अक्षरेही गेली. ते लक्षात आल्यावर थांबावे की नाही? पण चूक झाली की माणसाला ती दुसऱ्या कामाने भरून काढावीशी वाटते. वडील नेहमी म्हणत, चाप फार जड आहे. तर तो हलका करून द्यावा. त्यांनी घोडा सोडवला आणि त्याच्या खाचेवरून फेल्टची गोळी फिरवली. मग दगडाची फिरकी, अगदी जराशी. चाप लोण्यासारखा चालू लागला.

शनिवारी ते धाकट्या भावाला घेऊन गावाबाहेर शेताच्या बांधावर गेले. भाऊ बारा वर्षांचा. तीन गोळ्या डब्यांवर नीट गेल्या. चौथ्या वेळी नळी जमिनीकडे करून त्यांनी कडी वर मिटली, आणि चापाला बोट न लागताच रायफल उडाली.

‘‘बोट इथं होतं,’’ ते म्हणाले, आणि त्यांनी आपली तर्जनी चापापासून दूर, नळीला समांतर ताठ धरून दाखवली. एकसष्ट-बासष्ट वर्षांनंतरही ते बोट किंचित हलत होते. गोळी भावाच्या उजव्या बुटापासून वीतभर अंतरावर मातीत गेली. माती उडून त्याच्या पायमोज्यात भरली. दोघेही तिथे उभे राहिले. भावाने विचारले, ‘‘मी काही चुकीचं केलं का?’’

वडील आल्यावर त्यांनी सगळे सांगितले. वडील बोलले नाहीत. त्यांनी रायफल आणि यंत्र दोन्ही गाडीत घातली आणि मुलाला घेऊन गावातल्या धंदेवाईक बंदूक-कारागिराकडे गेले. त्याने भिंग लावून खाच पाहिली. जिथे दोन धारा चौकोनी भेटायला हव्यात तिथे एक चकचकीत गोल उतार होता. घोडा आणि त्याचा जोडीदार खटका दोन्ही नवे घालावे लागले. कारागीर म्हणाला, नळीवरची अक्षरे पाहिजे तर पुन्हा कोरून देतो, नव्यासारखी. वडील म्हणाले, नको. जे गेले ते दिसू दे.

‘‘आणि यंत्र?’’

‘‘ते परत माझ्या हातात दिलं. आणि त्या कारागिराला विचारलं, पोराला दर शनिवारी तुझ्याकडे पाठवू का? त्यानं मला पहिलं काम दिलं ते एका लोखंडी ठोकळ्याचे सहा पृष्ठभाग कानशीनं काटकोनात आणण्याचं. सात शनिवार लागले.’’ मग जरा थांबून, ‘‘तुमच्याकडे एम. ए. ला किती लागतात?’’

मी म्हटले, दोन वर्षे, पण कशाचेच काटकोन येत नाहीत. हा विनोद त्यांना कळला, की त्यांनी सभ्यपणे कळल्यासारखे केले, सांगता येत नाही. कोलोराडोत ट्रिनिडाड नावाच्या गावी कॉलेजात बंदूक-कारागिरीचा रीतसर अभ्यासक्रम 1947 मध्ये सुरू झाला. तिथे जाण्याची त्यांची फार इच्छा होती, पण नोकरी सोडवली नाही. ते राहून गेले. हे त्यांनी बंदुकीच्या गोष्टीपेक्षा हळू आवाजात सांगितले.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एक काम करायला दिले. त्याच रायफलीच्या दस्त्याला जवसाचे तेल चोळायचे. तळहाताने, थेंब थेंब घेऊन, लाकूड ऊन होईपर्यंत. यंत्र खणात, खण कुलपात. पाऊण तास मी चोळत होतो आणि ते आपल्या खुर्चीत बसून बेसबॉलचा सामना ऐकत होते. मध्येच ते उठून माझी तर्जनी कुठे आहे ते पाहत. बंदूक रिकामी होती, घोडा उतरवलेला होता, मी नुसते लाकूड चोळत होतो, तरी पाहत.

नोव्हेंबरात बहिणीचा फोन आला. हंगाम सुरू झाला आहे आणि आजोबा नातीला घेऊन रानात गेले आहेत, म्हणाली. बरोबर तीच रायफल. हरीण मिळाले नाही; सर्दी मिळाली. आणि त्यांनी विचारले आहे, की त्या गडूचे काय केले?

मी आईला विचारले. तिने फडताळातून गडू काढून दिला. भांड्यांच्या दुकानात नावे घालणारा एक माणूस बसतो. पूर्वी छिन्नी-हातोडीने ठोकायचे, आता तोही विजेच्या लेखणीने लिहितो. टर्रर्र करत चार ओळी दोन मिनिटांत. त्याने गडू मांडीत घेतला, कागदावर नाव लिहून मागितले. नाव आईला पाठ होते. गावही.

‘‘शके किती घालू?’’

आईने माझ्याकडे पाहिले. मी आईकडे. आजीचे लग्न कोणत्या सालचे, हे सांगणारे आता घरात कुणी नव्हते. ते त्या गडूवरच होते. थोडा वेळ गेला. मागे दोन गिऱ्हाइके कुकर घेऊन उभी होती.

‘‘काहीच घालू नका,’’ आई म्हणाली. ‘‘द्या तो इकडे.’’